चामड्याचा सूर, जात्याची घरघर : संगीताच्या व्याख्येविषयी

चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ साली कोलकात्याहून बेंगळुरूला आले आणि भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. शहरातील जुन्या रहिवाशांच्या तोंडी या संस्थेचे नाव अजूनही 'टाटा इन्स्टिट्यूट' असेच आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी याच शहरात भारतीय विज्ञान अकादमीची स्थापना केली. अकादमीच्या कार्यवृत्ताच्या पहिल्याच खंडात, म्हणजे १९३४ मध्ये, रामन यांचा भारतीय चर्मवाद्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळवून चार वर्षे झालेल्या शास्त्रज्ञाने नव्या अकादमीच्या आरंभीच मृदंग-तबल्याकडे वळावे, यात वरवर पाहता विक्षिप्तपणा वाटेल. पण हा विषय त्यांच्या मनात जुना होता. शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी १९२० मध्येच 'नेचर'मध्ये त्यावर एक टिपण लिहिले होते. बेंगळुरूच्या निबंधाने त्या टिपणाला प्रयोगांची पूर्ण बैठक दिली. संगीताच्या तत्त्वज्ञानाशी या निबंधाचा काही संबंध आहे असे रामन यांनी म्हटलेले नाही. तरीही संगीत कशाला म्हणावे, या प्रश्नाची एक मोठी अडचण या निबंधाइतकी स्पष्टपणे क्वचितच पुढे आली असेल.

त्यामागची भूमिका अशी. हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये आपल्या श्रवणविषयक ग्रंथात सांगीतिक ध्वनी आणि गोंगाट यांतील भेद कंपनांच्या नियमिततेवर उभा केला. ठरावीक कालावधीने तेच कंपन पुनःपुन्हा होत असेल तर तो स्वर, नसेल तर तो गोंगाट. ताणलेली तार किंवा बासरीतील हवेचा स्तंभ या कसोटीला उतरतात, कारण त्यांच्यापासून निघणारे उपस्वर मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकी पटींत असतात आणि म्हणून कान त्यांना एकाच स्वराचे घटक समजतो. ताणलेल्या वर्तुळाकार चामड्याचे तसे नाही. एकसारख्या जाडीच्या पटलाची कंपने गणिताने काढली, तर मूळ कंप्रतेला १ मानल्यावर पुढच्या कंप्रता सुमारे १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा बेहिशेबी पटींत येतात. असा आघात ऐकू येतो तो धप्पकन, सुराविना. तेव्हा या भूमिकेनुसार ढोल-ताशे हे संगीताच्या उंबरठ्याबाहेरचे ठरतात. फार तर त्यांनी काळ मोजून द्यावा. युरोपातील केटलड्रमसारखा एखादा अपवाद सोडला, तर पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राला हा निवाडा गैरसोयीचा वाटण्याचे कारणही नव्हते.

रामन यांनी दाखविले ते हे, की मृदंग आणि तबला या निवाड्यात बसत नाहीत. पुडीच्या मध्यभागी थरांवर थर देऊन घोटलेली शाई पटलाचे वजन मध्याकडे वाढवते. कडेची चाट काही कंपने लवकर शमवते. याचा परिणाम असा, की ज्या कंपनप्रकारांच्या कंप्रता साध्या पटलात विस्कळीत असतात, त्या येथे सरकून एकमेकींशी जुळतात. पटलावर बारीक वाळू पसरून आणि विशिष्ट जागी बोटे टेकवून आघात करताच वाळू स्थिर रेषांवर गोळा होते. अशा आकृत्यांची छायाचित्रे घेऊन त्यांनी नऊ कंपनप्रकार ओळखले आणि ते नऊ मिळून पाच पूर्णांकी उपस्वरांच्या ओळीत बसतात असे सिद्ध केले. पहिल्या दोन उपस्वरांच्या वाट्याला एकेक प्रकार, तिसऱ्या-चौथ्याच्या वाट्याला दोनदोन आणि पाचव्याच्या वाट्याला तीन. शाई ज्याने प्रथम लावली त्याने गणित मांडले नव्हते. पण गणिताला जे उत्तर हवे होते ते त्याच्या हाताला सापडलेले होते. पुढे याच विज्ञान संस्थेत बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी १९५४ मध्ये दोन घनतांचे संयुक्त पटल कल्पून या घटनेची सैद्धांतिक उपपत्ती दिली. डग्ग्याची शाई मध्यावर नसून एका बाजूला सरकलेली असते. त्या गुंतागुंतीचा विचार रामकृष्ण यांनी १९५७ मध्ये स्वतंत्रपणे केला. जवळजवळ पाव शतक बेंगळुरूच्या एका आवारात या एका प्रश्नावर चिकाटीने काम झाले, ही गोष्ट संगीताच्या अभ्यासकांमध्ये जितकी माहीत असावयास हवी तितकी ती नाही.

या संशोधनाचे मोल वादातीत आहे. मात्र त्यातून निघणारा तात्त्विक निष्कर्ष तपासून घ्यावयास हवा. रामन यांनी चर्मवाद्याला संगीतात प्रवेश मिळवून दिला, पण तो हेल्महोल्ट्झच्याच दारातून. तबला सांगीतिक आहे, कारण तो तारेसारखा गातो, असा हा युक्तिवाद आहे. व्याख्या जागच्या जागी राहिली. फक्त एका नव्या सभासदाची पात्रता सिद्ध झाली. आणि ही पात्रता तबल्याच्या अर्ध्याच वागण्याला लागू पडते. 'ना', 'ता', 'तिन्' हे खुले बोल सुरात वाजतात, हे खरे. पण 'तिट', 'तिरकिट', 'क', 'कत्' हे बंद बोल चामड्यावर बोटे किंवा पंजा दाबून वाजवले जातात. त्यांत सूर मुळी रेंगाळूच दिला जात नाही. ध्वनिशास्त्राच्या कसोटीने ते ठोकेच होत. तिटच्या एखाद्या कायद्याचा विस्तार ऐकणाऱ्या जाणकाराला मात्र कायद्यातील निम्मे संगीत गळून पडले आहे आणि तो खुल्या बोलांच्या आगमनाची वाट पाहत बसला आहे, असे कधी वाटत नाही. एकल तबलावादनात तर सूरच दुय्यम होतो. सारंगी किंवा पेटी तेच आवर्तन परत परत धरून बसते आणि सुरावट ही केवळ काळाची खूणगाठ म्हणून उरते.

याहून अवघड प्रसंग पढंतचा. वादक हात थांबवतो आणि तोच तुकडा तोंडाने म्हणून दाखवतो. चामडे नाही, शाई नाही, नऊ कंपनप्रकार नाहीत. कर्नाटक परंपरेत याच क्रियेची स्वतंत्र कला झाली आहे, ती कोन्नक्कोल. बेंगळुरूच्या श्रोत्याला हे दोन्ही प्रकार ऐकण्याची सवय असते, म्हणून कदाचित त्याला हा प्रश्न अधिक लवकर भिडावा. उच्चारलेल्या पण कोशात अर्थ नसलेल्या अक्षरांची ही रचना भाषा म्हणावी की संगीत? तिला यमक आहे, अनुप्रास आहे, यतिस्थाने आहेत. तिचे एककही 'बोल' याच नावाने ओळखले जाते. छंदःशास्त्राचा अभ्यासक तिच्यापाशी पोचतो तेव्हा काव्यातून अर्थ वजा केल्यावर जे उरते ते त्याला दिसते. संगीताचा अभ्यासक पोचतो तेव्हा संगीतातून स्वर वजा केल्यावर जे उरते ते. दोघांची भेट एकाच जागी होते, ही बाब तौलनिक साहित्याच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

द्रव्यावरून, म्हणजे ध्वनीच्या जातीवरून, संगीताची व्याख्या करता येत नाही असा याचा अर्थ. मग ती कशावरून करावयाची?

नाट्यशास्त्रातील अवनद्ध वाद्यांच्या अध्यायात पुष्कर वाद्यांच्या उत्पत्तीची एक कथा आहे. स्वाती नावाचे मुनी अनध्यायाच्या दिवशी पाणी आणण्यासाठी सरोवरावर गेले असता पाऊस सुरू झाला. वाऱ्याने हेलकावणाऱ्या लहान, मध्यम आणि मोठ्या कमलपत्रांवर थेंब पडत होते आणि प्रत्येक पानाचा आवाज निराळा होता. मुनींनी ते आवाज मनात धरले आणि आश्रमात परतल्यावर विश्वकर्म्याच्या साहाय्याने वाद्ये घडवली. कथेत पाऊस म्हणजे संगीत असे म्हटलेले नाही. पाऊस नुसता पडतो. लहान-मोठ्या पानांमधील अंतर कानाने टिपणे ही पहिली पायरी आणि ते अंतर हाताने पुन्हा निर्माण करता येणे ही दुसरी. याच अध्यायात वाद्याच्या तोंडावर लेपण्यासाठी नदीकाठची काळी माती कशी निवडावी याचेही विवेचन येते. शाईची पूर्वज असलेली ही माती शास्त्राने नोंदवली. ती मळणाऱ्या हाताचे नाव नोंदवले नाही. अगदी अलीकडे, २०२० मध्ये, टी. एम. कृष्ण यांचे मृदंग घडवणाऱ्या कारागिरांवरील 'सेबास्टियन अँड सन्स' हे इंग्रजी पुस्तक आले. चामडे कमावणे, शाई घोटणे, वादी ओढून सूर मिळवणे या कामांत पिढ्यान्‌पिढ्या असलेली, प्रामुख्याने दलित आणि त्यातही दलित ख्रिस्ती घराणी त्यात समोर येतात. वाद्याचा सूर जो कान ठरवतो तो कान संगीतकाराचा मानला गेला नाही. संगीताची व्याख्या काहींना आत घेते आणि काहींना बाहेर ठेवते. ती केवळ कोशकाराच्या सोयीची बाब नसते, हे येथे उघडच दिसते.

या पार्श्वभूमीवर देवगिरीकडे वळणे उपयोगाचे ठरेल. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्याचे घराणे काश्मीरमधून दक्षिणेत आलेले आणि तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता. त्याच्या ग्रंथाची मोजदाद, वर्गवारी आणि कोष्टके पाहताना याची आठवण होत राहते. गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींना मिळून संगीत म्हणावे, ही त्याची व्याख्या आजवर असंख्य क्रमिक पुस्तकांतून पाठ केली गेली आहे आणि बहुधा त्यामुळेच तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. आधुनिक लेखकांना ती भाबडी वाटते. नृत्य म्हणजे काही ध्वनी नव्हे, ते येथे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण शार्ङ्गदेव येथे संगीताचे सत्त्व सांगत नसून त्याचा प्रदेश आखून देत आहे. सत्त्वाच्या जवळ जाणारी गोष्ट तो स्वराची व्याख्या करताना सांगतो. श्रुतीनंतर उमटणारा, स्निग्ध, अनुरणनात्मक आणि ऐकणाऱ्याचे चित्त आपण होऊन रंगविणारा तो स्वर. यातील अनुरणन हा शब्द रामन यांच्या प्रयोगशाळेत नेता येईल. चित्त रंगविणे हा भाग नेता येणार नाही. ध्वनीचा गुण आणि ऐकणाऱ्याची अवस्था एकाच व्याख्येत शेजारी बसवल्या आहेत. ही सरमिसळ नव्हे. उलट, यांपैकी एकच ठेवणाऱ्या व्याख्यांची पुढे काय गत झाली ते पाहता शार्ङ्गदेवाची सावधगिरी लक्षात येते.

त्याच ग्रंथाच्या प्रबंधाध्यायात, विप्रकीर्ण प्रबंधांच्या रांगेत, ओवीचेही नाव येते. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख आहे. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी ओवीचा हा जुना पुरावा कन्नड मुलखातील राजाच्या संस्कृत ग्रंथात मिळतो, ही मौज आहे. पण त्याहून महत्त्वाचे हे, की सोमेश्वर गीतप्रकारांची गणना त्यांच्या प्रसंगांसह करतो. ओवी कोणती, या प्रश्नाचे त्याच्यालेखी उत्तर छंदाने पूर्ण होत नाही. कोण, काय करताना गाते हे त्या उत्तरात अंतर्भूत आहे.

जात्यावरची ओवी ही संगीताच्या आधुनिक व्याख्यांची खरी परीक्षा आहे. जेरॉल्ड लेव्हिन्सन या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या व्याख्येचा आशय असा : माणसाने काळात रचलेले ध्वनी, ज्यांचा हेतू अनुभव समृद्ध करणे हा असतो आणि ज्यांच्याकडे मुख्यतः ध्वनी म्हणूनच लक्ष देणे अभिप्रेत असते. विश्लेषक परंपरेत ही व्याख्या काळजीपूर्वक घडवलेली मानली जाते आणि तशी ती आहेही. पहाटे दळायला बसलेल्या बाईला ती लावून पाहावी. ध्वनी रचलेले आहेत. अनुभव समृद्ध होतो की नाही याचा निवाडा तिने करावयाचा. निदान श्रम सुसह्य होतात. परंतु ध्वनी म्हणून ध्वनीकडे लक्ष देणारे कोण आहे? श्रोता नाही. समोर बसलेली जोडीदारीण ऐकते ती पुढची ओवी आपण उचलावी म्हणून. ओवीत माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, पंढरी आहे. कित्येकदा जात्यालाच देव मानून त्याच्याशी बोलणे आहे. आवाज वर उचलला जातो तो हात कोठे आला यावर आणि जात्याची घरघर हा खालचा अखंड आधार. तंबोऱ्याशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. पण तंबोरा कोणी पीठ पाडण्यासाठी छेडत नाही. लेव्हिन्सन यांच्या अटीवर ओवी संगीतातून वगळावी लागते किंवा ती अट सैल करावी लागते. अट सैल केली तर ती अट कोणत्या दालनात बसून लिहिली गेली हे दिसू लागते. खुर्च्या एका दिशेने मांडलेल्या, बोलणे बंद, हात रिकामे : युरोपातील एकोणिसाव्या शतकाच्या मैफलगृहाने घडवलेले श्रवण हेच श्रवण, असे तेथे गृहीत धरलेले आहे.

जॉन केज यांच्या १९५२ मधील मौनरचनेशी ओवी ताडून पाहिली तर प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. त्या रचनेत वादक चार मिनिटे तेहतीस सेकंद काहीही वाजवत नाही आणि सभागृहातील खोकला, पाऊस, कुरकुर हेच श्रोत्यांनी ऐकावयाचे असते. केज घडवणे काढून घेतात आणि निव्वळ ऐकणे शिल्लक ठेवतात. जात्यापाशी निव्वळ ऐकणे नसते आणि घडवणे मात्र भरपूर असते. स्वाती मुनींची कथा या दोहोंच्या मधोमध पडते. पाश्चात्त्य चर्चेत केज यांच्यावर जितकी शाई खर्च झाली (लिहिण्याची शाई, तबल्याची नव्हे) तिच्या अल्पांशानेही श्रमगीतांचा विचार व्याख्येच्या अंगाने झालेला नाही. संगीताच्या संकल्पनेला मौन जेवढा धक्का देते त्याहून मोठा धक्का दळण देते, हे मान्य व्हावयास हरकत नसावी. मौनाचा प्रयोग करणाऱ्यालाही मैफल लागते. दळणाला ती लागत नाही.

मराठी सौंदर्यविचाराने या प्रश्नाला दिलेले उत्तर बा. सी. मर्ढेकरांपासून सुरू होते. 'आर्ट्स अँड मॅन' (१९३७), 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) आणि 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथांतून त्यांनी सौंदर्य म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी संवेदनांची झालेली संघटना, असा सिद्धांत मांडला. संगीताचे माध्यम नाद, चित्राचे रंग-रेषा आणि साहित्याचे भावनात्मक अर्थ. माध्यमे निराळी, संघटनेची तत्त्वे तीच. एदुआर्द हान्सलिक यांनी १८५४ मध्ये संगीताचा आशय म्हणजे गतिमान नादाकृतीच होत असे प्रतिपादले होते. मर्ढेकर त्यांच्या जवळ उभे आहेत असे वाटते. पण एक फरक आहे. हान्सलिक यांच्या विचारात स्वराला जे अग्रस्थान आहे ते मर्ढेकरांच्या उपपत्तीत लयीकडे जाते आणि लय हा त्यांच्यापाशी कालाचा धर्म न राहता संबंधांचे नाव होतो. या उपपत्तीत 'तिरकिट'ला सुराचा दाखला मागितला जात नाही. खुला बोल आणि बंद बोल यांच्यात विरोध आहे, आवर्तनात त्यांचा समतोल आहे, एवढे पुरे होते. रामन यांनी चर्मवाद्याला सुराच्या वाटेने आत घेतले. मर्ढेकरांच्या सिद्धांतात ते आधीच आत आहे. या दोघांच्या लेखनाचा असा एकत्र विचार सहसा होत नाही, हे खेदाचे आहे.

मर्ढेकरांची अडचण साहित्यापाशी सुरू होते आणि त्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांच्या साहाय्याने त्या अडचणीचे मूळ उघड झाले आहे. येथे नोंदवावयाचे ते इतकेच, की संगीताविषयीही मर्ढेकरांचे उत्तर अपुरे पडते. त्यांनी आयुष्यातील मोठा काळ आकाशवाणीच्या नोकरीत काढला आणि 'बदकांचे गुपित'सारखी संगीतिका लिहिली. नभोवाणीवरचा ध्वनी हा गाणाऱ्याच्या देहापासून, प्रसंगापासून आणि जागेपासून सुटा झालेला ध्वनी असतो. माध्यमाच्या शुद्धतेचा आग्रह आणि हा व्यवसाय यांचा कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल. सिद्धांत नोकरीहून आधीचा आहे. परंतु ज्या श्रोत्याची त्यांनी कल्पना केली तो नभोवाणीच्या श्रोत्याशी फार मिळताजुळता आहे. जात्याशी बसलेली बाई नाद संघटित करते, यात शंका नाही. पण ती अर्थही संघटित करते, श्रमही आणि नातेही. यांपैकी नादाची तेवढी संघटना वेगळी काढून तिला संगीत म्हणणे शक्य आहे. मात्र तसे केल्यावर हाती येते ती चारपाच स्वरांत फिरणारी एक चाल. या चालीवर मैफलीचा श्रोता फार काळ रमणार नाही आणि मग ओवी हे निकृष्ट संगीत आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'ने (१९६१) संबंधांची हीच कल्पना प्रत्यक्ष गायनाच्या अधिक जवळ आणली. स्वर आणि लय हे दोन ध्रुव कल्पून किराणा घराणे स्वराच्या टोकाकडे, आग्रा लयीच्या टोकाकडे आणि जयपूर या दोहोंच्या समतोलावर, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्यातील मूल्यनिर्णयावर वाद झाले आणि ते व्हावेतच. समतोल हे स्थान आहे की शिखर आहे, याविषयी ग्रंथात संदिग्धता राहते. व्याख्येच्या दृष्टीने मात्र येथे एक गोष्ट पक्की झाली. स्वर आणि लय ही संगीताची दोन स्वतंत्र द्रव्ये नसून एकाच गतीकडे पाहण्याच्या दोन दिशा आहेत. अशोक दा. रानडे यांनी याच्याही पुढे जाऊन आदिम, लोक, भक्ती, कला, जन अशा संगीतकोटी कल्पिल्या आणि प्रत्येक कोटीचे सौंदर्यशास्त्र तिच्या स्वतःच्या व्यवहारातून काढावे असा आग्रह धरला. कलासंगीताची मापे लोकसंगीताला लावू नयेत, ही आज सर्वमान्य वाटणारी गोष्ट मराठीत त्यांच्यामुळे शास्त्रीय पातळीवर आली. तरीही एक शंका उरते. कोटी निराळ्या केल्या की प्रत्येकीला आपापले घर मिळते. पण या सर्व कोटींना 'संगीत' हेच नाव का द्यावयाचे, हा मूळ प्रश्न घरांच्या वाटणीत मागे पडतो.

या प्रश्नाची एक वाट मराठी भाषेच्या वापरातच दिसते. मराठी माणूस गाणे गातो तसेच गाणे 'म्हणतो'. ओवी, अभंग, आरती या तर म्हणायच्याच गोष्टी. तबला बोलतो. घड्याळ, दार, थाळी, पेटी सगळेच 'वाजते', इतकेच काय, थंडीही वाजते. 'नाद' हा ध्वनी आहे आणि एखाद्या गोष्टीचे लागलेले वेड हाही 'नाद'च आहे. संगीत आणि उच्चार, आवाज आणि संगीत, ध्वनी आणि चित्ताची ओढ यांमध्ये ज्या भिंती व्याख्याकारांना लागतात त्या या भाषेने फारशा उंच बांधलेल्या नाहीत. हे काही तात्त्विक सिद्धांताचे प्रमाण नव्हे; भाषेच्या सवयींवरून वस्तूंचे स्वरूप ठरत नाही. पण १२९० मधील ज्ञानदेवांच्या ग्रंथात हीच सवय विचाराच्या पातळीवर पोचलेली दिसते. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ते आपल्या ओवीविषयी सांगतात, की गायिली तर ती गाण्याला शोभा आणते आणि गायनाविनाही रंग दाखवते. ओवीचे संगीत चालीत साठवलेले नाही आणि चाल निघून गेल्यावर उरतो तो केवळ मजकूरही नाही, असा याचा आशय. घडण अशी, की तिच्यात गाण्याची शक्यता कायम जागी राहावी.

ही शक्यता कोणी जागी ठेवावयाची, हा प्रश्न विसाव्या शतकात व्यावहारिक झाला. साने गुरुजींच्या 'स्त्री जीवन'पासून अनेक संग्राहकांनी ओव्या कागदावर उतरवल्या आणि त्यामुळे त्या वाचल्या. त्याच कृतीने ओवी लोकसाहित्याच्या दालनात गेली. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी तिच्यावर प्रबंध लिहिले, संगीत विभागांनी क्वचितच. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्याहून उभ्या केलेल्या प्रकल्पात ग्रामीण महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. आधी शब्द टिपले गेले. आवाज मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रित झाला तो १९९० नंतरच्या दशकात, बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने. तोवर गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. ओवी स्मरणात होती, दळण राहिले नव्हते. म्हणजे संगीत म्हणून तिची नोंद झाली ती तिच्या प्रसंगाचा आधार सुटू लागल्यावर आणि साहित्य म्हणून नोंद झाली ती तिचा आवाज वगळून. २०१७ पासून पारीच्या ग्रंथागारात हा संग्रह क्रमाक्रमाने येत आहे. तेथे शब्द, आवाज, गाणारीचे नाव आणि गाव एकत्र ठेवलेले आहेत. त्यात ओवी संगीत आहे की साहित्य हे वापरणाऱ्यावर सोपवले आहे आणि या क्षणी तरी तेच योग्य आहे.

बेंगळुरूत जे. पी. नगर भागात २०१९ मध्ये भारतीय संगीताचे एक मोठे संग्रहालय सुरू झाले. त्याच्या आवारात दगड आणि धातू यांच्या मोठाल्या वस्तूंचे एक ध्वनिउद्यान आहे. येणाऱ्याने त्या आपल्या हाताने वाजवून पाहावयाच्या. शाळेची मुले तेथे आधी जोरजोराने ठोकतात. थोड्या वेळाने त्यांच्यातील एखादे मूल थांबते, शेजारच्या दगडावर हलकेच हात मारून पाहते आणि मग पुन्हा पहिल्या दगडाकडे येते.